पिसांची साक्ष

खेड्यातील घराच्या अंगणात सकाळी खुराडे उघडले, की पाच-पंचवीस कोंबड्या पंख फडफडवीत बाहेर पडतात. त्यांत एखादी कोळशासारखी काळी असते, एखादी विटकरी असते. एकीच्या अंगावर आडवे बारीक पट्टे असतात, तर दुसरी पांढरी असूनही तिच्या पाठीवर कोणी शाई शिंपडल्यासारखे काळे ठिपके दिसतात. "ही कोणत्या जातीची?" असे घरधनिणीला विचारले, तर "गावरान" असे उत्तर मिळते. ते चुकीचे नाही. परंतु त्या एका शब्दात पुष्कळ इतिहास झाकला जातो. विसाव्या शतकात खेड्यातील कोंबड्यांनी अधिक अंडी द्यावी म्हणून व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड यांसारख्या परदेशी जातींचे नर आपल्याकडे आणले गेले. त्यांचे रक्त देशी कोंबड्यांत मिसळले. अशा मिश्र वंशाच्या, म्हणजे संकरित, कोंबडीच्या अंगावरील पिसे पाहून तिचे आईबाप कोण असावेत हे ओळखता येईल काय? काही अंशी येईल. पण किती अंशी, आणि कोठे थांबावे, हे समजून घेणे अधिक महत्त्वाचे आहे.

प्रथम पिसांना रंग कोठून येतो ते पाहू. कोंबड्यांच्या पिसांत इतके रंग दिसतात, तरी त्यांच्या मुळाशी मुख्यतः दोनच रंगद्रव्ये आहेत. एक काळे आणि दुसरे तांबूस-पिवळे. काळे द्रव्य भरपूर असले म्हणजे पीस काळे होते. तांबूस द्रव्य दाट असले म्हणजे विटकरी आणि विरळ असले म्हणजे फिकट बदामी दिसते. दोन्ही द्रव्ये एकाच पिसावर आलटूनपालटून उमटली, की ठिपके, रेघा आणि किनारी तयार होतात. पांढऱ्या पिसात मात्र कोणतेच रंगद्रव्य नसते. काळ्या कोंबड्याच्या शेपटीवर उन्हात जी हिरवी झाक चमकते, ती हिरव्या रंगाची नव्हे. पिसाच्या बारीक रचनेवरून प्रकाश विशिष्ट रीतीने परावर्तित होतो, म्हणून ती दिसते.

कोणत्या पिसात कोणते द्रव्य किती उतरावे, हे जनुके ठरवितात. आईकडून आणि बापाकडून पिलाला मिळणाऱ्या गुणांच्या सूक्ष्म वाहकांना जनुके म्हणतात. काही जनुके प्रबळ असतात. ती एकाच पालकाकडून आली तरी आपला प्रभाव दाखवितात. काही अप्रबळ असतात. ती दोन्ही पालकांकडून आली तरच त्यांचा गुण प्रकट होतो, नाहीतर पिलाच्या शरीरात ती मूकपणे राहतात आणि पुढच्या पिढीत एखाद्या वेळी अकस्मात डोके वर काढतात. मटारच्या वेलींवर प्रयोग करून ग्रेगोर मेंडेल यांनी हे नियम शोधून काढले होते. तेच नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे विल्यम बेटसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये दाखविले, ते कोंबड्यांवरील प्रयोगांच्या आधारानेच.

आता काही रंगांची भाषा वाचू या.

पांढरा रंग सर्वांत फसवा. व्हाइट लेगहॉर्न या जातीचा पांढरेपणा प्रबळ आहे. त्याच्या जनुकाचे काम रंग देणे हे नसून रंगाला अडविणे हे आहे. लेगहॉर्नचा संकर काळ्या कोंबडीशी झाला, तर पिले बहुधा पांढरी होतात. पण त्यांच्या अंगावर इकडेतिकडे काळे ठिपके राहून जातात. हे जनुक काळ्या द्रव्याला चांगले अडविते, तांबड्याला मात्र तितकेसे अडवू शकत नाही. म्हणून तांबड्या कोंबडीशी संकर झाल्यास पांढऱ्या पिलांच्या छातीवर अगर पंखांवर तांबूस डाग उमटतात. तेव्हा पांढऱ्या कोंबडीवर काळे ठिपके किंवा तांबूस डाग दिसले, तर तिच्या पूर्वजांत लेगहॉर्न असावा आणि दुसरा पालक रंगीत असावा, असा तर्क करण्यास जागा आहे.

परंतु प्रत्येक पांढरेपणा असा नसतो. मऊ, लोकरीसारख्या पिसांची सिल्की नावाची एक जात आहे. तिचा पांढरा रंग अप्रबळ असतो. पांढऱ्या सिल्कीचा संकर रंगीत कोंबड्याशी केला, तर आईचा पांढरेपणा पिलांत मुळीच दिसत नाही. पिले रंगीतच निपजतात. दोन कोंबड्या शेजारीशेजारी उभ्या आहेत, दोघींचा रंग दुधासारखा पांढरा आहे; तरी एकीचा पांढरेपणा मुलांना वारसा म्हणून दिसेल आणि दुसरीचा दिसणार नाही. डोळ्यांना जे सारखे दिसते, त्याची कारणे सारखी असतातच असे नाही.

निळसर राखी रंगाची गोष्ट याहून वेगळी आहे. अँडालुशियन जातीच्या काळ्या कोंबडीचा संकर त्याच जातीतील करड्या शिंतोड्यांच्या पांढऱ्या कोंबड्याशी केला, तर सगळी पिले निळसर होतात. येथे कोणताच गुण पुरता प्रबळ नसतो. दोघांच्या मधला रंग तयार होतो. पण दोन निळसर कोंबड्यांची पिले मात्र सर्व निळसर होत नाहीत. सरासरीने चार पिलांपैकी एक काळे, दोन निळसर आणि एक शिंतोड्यांचे पांढरे असे प्रमाण पडते. म्हणून निळसर कोंबडी पाहिली, की तिला काळेपणाचा वारसा एकाच पालकाकडून पुरा मिळालेला आहे आणि दुसऱ्याकडून तो फिका करणारे जनुक आले आहे, असे समजावे.

सर्वांत मनोरंजक साक्ष पट्टेरी पिसांची आहे. बार्ड प्लिमथ रॉक या अमेरिकन जातीच्या अंगभर काळे आणि पांढरट आडवे पट्टे असतात. पट्ट्यांचे जनुक प्रबळ आहे. परंतु ते एका विशेष ठिकाणी असते. प्राण्याचे लिंग ज्यांवरून ठरते, अशी गुणसूत्रे शरीराच्या पेशींत असतात. पक्ष्यांमध्ये नराजवळ झेड नावाची अशी दोन गुणसूत्रे असतात; मादीजवळ एक झेड आणि एक डब्ल्यू असते. पट्ट्यांचे जनुक झेडवर बसलेले आहे. आई आपले एकुलते एक झेड फक्त मुलांना देते. मुलींना तिच्याकडून डब्ल्यू मिळते. अर्थात मुलींना झेड मिळते ते केवळ बापाकडून.

याचा परिणाम पाहा. ऱ्होड आयलंड रेड जातीचा तांबडा कोंबडा आणि पट्टेरी प्लिमथ रॉक कोंबडी यांची अंडी उबविली, तर अंड्यातून बाहेर पडलेली सर्व पिले काळ्या लवेची असतात. पण नर पिलांच्या डोक्यावर एक पांढरट ठिपका असतो, मादी पिलांच्या डोक्यावर तो नसतो. मोठेपणी मुलगे आईसारखे पट्टेरी होतात. मुली मात्र काळ्याच राहतात आणि त्यांच्या मानेवर तांबूस सोनेरी छटा येते. उलट, कोंबडा शुद्ध पट्टेरी आणि कोंबडी तांबडी असेल, तर मुलगे आणि मुली दोघेही पट्टेरी होतात. म्हणजे पट्टे आईकडून आले की बापाकडून, हेही भावंडे पाहून सांगता येते.

तांबडा कोंबडा आणि लाइट ससेक्स जातीची कोंबडी यांच्या संकरातही असाच प्रकार घडतो. लाइट ससेक्स ही पांढऱ्या अंगाची, पण मान आणि शेपूट काळसर असलेली इंग्लंडमधील जात आहे. तिच्या अंगात तांबूस रंग रुपेरी करणारे जनुक असते आणि तेही झेडवरच असते. म्हणून त्या संकरातील मुलगे फिकट रुपेरी लवेचे आणि मुली तांबूस बदामी लवेच्या जन्मतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये धान्याची टंचाई होती. रेजिनाल्ड पनेट या शास्त्रज्ञाने तेव्हा सुचविले, की रंगाच्या या भेदाचा उपयोग करून नर आणि मादी पिले जन्मतःच वेगळी काढावीत, म्हणजे अंडी न देणाऱ्या नरांवर धान्य खर्च होणार नाही. शास्त्राचा एक बारीकसा नियम अन्नाच्या प्रश्नाला असा उपयोगी पडला.

येथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, की रंग कळला म्हणजे वंश कळला. तसे असते, तर काम फार सोपे झाले असते. एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्यासमोर एक काळी तलंग आहे आणि तिच्या मानेवर सोनेरी छटा आहे. तिची आई पट्टेरी प्लिमथ रॉक आणि बाप तांबडा असू शकेल. पण काळ्या ऑस्ट्रेलॉर्प जातीचा तांबड्या जातीशी संकर झाला, तरीही अशीच काळी, सोनेरी मानेची पिले निपजतात. एकट्या तलंगेकडे पाहून या दोहोंतून निवड करता येत नाही. अशा वेळी तिच्या सख्ख्या भावांकडे पाहावे. भाऊ पट्टेरी असतील आणि बहिणी सर्व काळ्या असतील, तर पट्टेरी आईची शक्यता बळावते. भाऊही काळेच असतील, तर ती शक्यता सोडून द्यावी लागते. भावंडे पाहण्यास मिळत नसतील, तर प्रामाणिक उत्तर एकच, "दोहोंपैकी काहीही असू शकेल."

म्हणून जाणकार मनुष्य पिसांबरोबर इतर खुणाही तपासतो. डोक्यावरचा तुरा ही मोठी खूण आहे. लेगहॉर्नचा तुरा एकेरी आणि दातेरी असतो; काही जातींचा तुरा रुंद आणि खडबडीत असतो, त्यास गुलाबाकृती तुरा म्हणतात; असील आणि ब्रह्मा या जातींचा तुरा बुटका, वाटाण्यांच्या ओळी मांडल्यासारखा असतो. बेटसन आणि पनेट यांनी गुलाबाकृती आणि वाटाणी तुऱ्यांच्या कोंबड्यांचा संकर केला, तेव्हा पिलांना अक्रोडासारखा तिसराच तुरा आला. म्हणून अक्रोडी तुरा दिसला, की पूर्वजांत ते दोन्ही तुरे शोधावे. कानाच्या पाळीचा रंग, पायांचा रंग, बोटांची संख्या यांचीही साक्ष घ्यावी. लेगहॉर्नची पाळी पांढरी आणि पाय पिवळे असतात; ससेक्सचे पाय पांढरे असतात; सिल्कीच्या पायाला पाच बोटे असतात; ब्रह्माच्या पायांवर पिसे असतात. मान उघडी असून तिच्या पुढच्या भागी पिसांचा एक झुबका तेवढा असेल, तर उघड्या मानेचा गुण एकाच पालकाकडून आला आहे असे समजते. दोघांकडून आला असता, तर तो झुबकाही जवळजवळ उरला नसता.

वयाचेही भान ठेवावे लागते. पिलाची लव, वाढत्या वयातील पिसे आणि पुऱ्या वाढलेल्या कोंबडीची पिसे यांचे रंग एकमेकांपासून पुष्कळ वेगळे असू शकतात. आठवड्याभराच्या पिलाकडे पाहून त्याचा अंतिम रंग छातीठोकपणे सांगणे हा उतावळेपणा होय.

एका साक्षीपेक्षा अनेक साक्षी कशा उपयोगी पडतात, हे चार्ल्स डार्विन यांच्या एका प्रयोगावरून स्पष्ट होते. त्यांनी काळ्या स्पॅनिश कोंबड्याचा पांढऱ्या सिल्की कोंबडीशी संकर केला. पिले कोळशासारखी काळी निपजली. आईचा पांढरा रंग नाहीसा झाला होता, तिची रेशमी पिसेही एकाही पिलाला आली नव्हती. केवळ पिसांवर विसंबणारा म्हणाला असता, की या पिलांचा सिल्कीशी काही संबंध नाही. परंतु सिल्कीची त्वचा आणि हाडे काळसर असतात. आणि या पिलांचे तुरे व हाडे काळसर होती. पिसांनी आईची ओळख लपविली, पण तुऱ्याने आणि हाडांनी ती सांगितली. पुढे आणखी आश्चर्य घडले. त्यांपैकी एक नर वाढता वाढता तांबड्या झळाळीचा झाला आणि रानकोंबड्यासारखा दिसू लागला. पाळीव कोंबड्यांचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा आहे. काळ्या बापाच्या आणि पांढऱ्या आईच्या पोटी हजारो वर्षांमागच्या त्या रानातील पूर्वजाचा रंग पुन्हा उमटला. १८६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात डार्विन यांनी हा वृत्तान्त दिला आहे.

आपल्या सह्याद्रीतही एक रानकोंबडा आहे, तो राखी रंगाचा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसून आले, की पुष्कळशा पाळीव कोंबड्यांना पिवळे पाय देणारे जनुक तांबड्या रानकोंबड्याकडून आलेले नसून या राखी रानकोंबड्याकडून आलेले आहे. म्हणजे दूरदेशीच्या लेगहॉर्नच्या पिवळ्या पायांतही भारताच्या रानातील वारसा आहे. शुद्ध म्हणून जिचा आपण गौरव करतो, त्या जातीच्या मुळाशीसुद्धा मिश्रण असतेच.

हे सारे ज्ञान कशासाठी मिळवावयाचे? केवळ कुतूहल म्हणूनही त्याचे मोल आहे. पण त्यावर गरिबांचा पैसाही अवलंबून असतो. मध्य प्रदेशातील झाबुआ, धार या भागांत भिल्ल आणि भिलाला लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेली कडकनाथ नावाची जात आहे. तिचे मांसही काळसर असते. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथास भौगोलिक मानांकन मिळाले. या जातीला बाजारात चांगली किंमत येते. म्हणून महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबेही तिची पिले विकत घेऊन पाळू लागली. अशा वेळी काळे पीस दिसले, की तो कडकनाथच, असे समजून पैसे मोजणाऱ्याचे नुकसान होऊ शकते. ऑस्ट्रेलॉर्पही झळझळीत काळा असतो, पण त्याची त्वचा पांढरी असते. कडकनाथाची चोच, त्वचा, पाय आणि पायांचे तळवे पाटीसारखे करडे-काळे असतात. तुरा आणि जीभ जांभळट असते. संकरित पिलांत हा काळेपणा कमी-अधिक उतरतो. तेव्हा पिले घेणाऱ्याने पिसे बाजूला सारून त्वचा पाहावी, चोच उघडून जीभ पाहावी आणि शक्य असल्यास पिलांचे आईबाप पाहावे.

या चुकीची दुसरी बाजूही आहे आणि ती अधिक हानिकारक आहे. सर्वच कडकनाथ निर्भेळ काळे नसतात. काहींच्या मानेवर आणि अंगावर रुपेरी रेघा असतात, काहींवर सोनेरी छटा असते. आणि ते तितकेच अस्सल असतात. काळा रंग हीच एकमेव कसोटी मानली, तर काळ्या पिसांचे संकरित पिलू खुराड्यात राहील आणि सोनेरी छटेचे अस्सल पिलू बाहेर काढले जाईल. असे वर्षानुवर्षे घडत गेले, तर ज्या जातीचे रक्षण करावयाचे, तिचीच हानी होईल. असील या झुंजार जातीचेही तसेच आहे. पिसांच्या रंगांवरून तिच्यात पीला, याकूब, नूरी, कागर, चित्ता अशी नावे पडली आहेत. नूरी पांढरा, तर कागर काळा. रंग भिन्न, पण उंच ताठ मान, अंगालगत घट्ट बसलेली पिसे, बुटका तुरा आणि भक्कम पाय ही असीलची लक्षणे सर्वांत सारखीच.

तुमच्या आसपास कोंबड्या असतील, तर एक वही करून हा अभ्यास तुम्हालाही करता येईल. एक कोंबडी निवडावी. तिच्या मानेची, छातीची, पंखांची आणि शेपटीची पिसे वेगवेगळी पाहून प्रथम केवळ जे दिसते तेच लिहावे. नंतर तुरा, कानाची पाळी, पाय आणि बोटे यांची नोंद करावी. तिची भावंडे आणि पिले असतील, तर त्यांचे रंग लिहावे. सर्वांत शेवटी आपला तर्क लिहावा, आणि त्याच्या समोर तो कोणत्या खुणेवरून केला हेही लिहावे. पहिल्या पिढीचा संकर असेल, तर तर्क बहुधा नीट जुळेल. परंतु अनेक पिढ्यांचे मिश्रण झालेल्या कोंबडीविषयी अमुक जातीचा अंश असावा, एवढेच म्हणता येईल. कधीकधी तेवढेही म्हणता येणार नाही. अशा ठिकाणी खऱ्या खात्रीसाठी प्रयोगशाळेत जनुकांची तपासणीच करावी लागते.

न्यायालयात एकाच साक्षीदाराच्या शब्दावर शहाणा न्यायाधीश सहसा निकाल देत नाही. इतर पुरावे त्याच्याशी जुळतात की नाही, हे तो पाहतो. पिसांचा रंग हा असाच एक साक्षीदार आहे. तो बोलका आहे, चटकन नजरेत भरणारा आहे आणि पुष्कळदा खरेही बोलतो. पण त्याला सर्वच ठाऊक असते असे नाही. त्याचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकावे, इतर साक्षींशी ताडून पाहावे आणि पुरावा जेथे संपतो तेथे आपला निष्कर्षही थांबवावा. ही सवय ज्याला लागली, त्याला कोंबड्यांची पारख येईलच. शिवाय जगातील इतर गोष्टींविषयी केवळ वरच्या रंगावरून मत बनविण्याची घाईही तो सहसा करणार नाही.